चौक सुधारायचा आहे? मधल्या वर्तुळापासून सुरुवात नको

चौक सुधारण्याचे काम पहिल्यांदा हाती आले की बहुतेक जण नकाशावर मधोमध एक वर्तुळ काढतात. मग त्यात झाडे, कारंजे किंवा पुतळा बसवण्याची चर्चा सुरू होते. खरे तर चौकाची सुरक्षितता मधल्या बेटापेक्षा कडेला ठरते. वाहन किती वेगाने आत शिरते आणि चालत जाणारा माणूस किती वेळ उघड्यावर राहतो, या दोन गोष्टी तिथे पक्क्या होतात. हा लेख नवख्या अभियंत्यांसाठी, स्थानिक प्रशासनात काम करणाऱ्यांसाठी आणि आपल्या भागातला चौक नीट व्हावा म्हणून धडपडणाऱ्या नागरिकांसाठी आहे. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात असे इथे धरले आहे. जिथे ती उजवीकडून चालतात तिथे सगळे आरशात पाहिल्यासारखे उलटे समजावे.

पायरी 1 : मोजण्याआधी बघा

सकाळची गर्दी, दुपारची सामसूम, संध्याकाळची गर्दी आणि रात्र, अशा चारही वेळी चौकात उभे राहा. रात्रीची वेळ चुकवू नका. दिवसा कोंडीमुळे वाहने आपोआप हळू असतात. रस्ता मोकळा झाला की त्याच चौकात वेग किती वाढतो ते रात्रीच दिसते, आणि गंभीर अपघातांचे मूळ अनेकदा तिथे सापडते.

कागदावर चौकाची साधी आकृती काढा. लोक प्रत्यक्षात कुठून रस्ता ओलांडतात ते तिच्यावर रेघांनी दाखवा. झेब्रा क्रॉसिंग एकीकडे आणि लोकांची वाट दुसरीकडे असेल, तर बहुतेक वेळा क्रॉसिंगची जागा चुकलेली असते. वाहने कुठे करकचून ब्रेक लावतात, बस कुठे अडकते, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या गाड्यांनी कोणाची नजर अडते, पाणी कुठे साचते हेही टिपा. डांबरावरचे टायरचे काळे पट्टे आणि दुभाजकाचे तुटलेले टोक पुष्कळ काही सांगून जातात.

मग मोजणी करा. प्रत्येक बाजूने येणारी वाहने डावीकडे, सरळ आणि उजवीकडे किती जातात हे पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत नोंदवा. दुचाकी, कार, बस, ट्रक आणि सायकली वेगळ्या मोजा. पादचारी मोजायला विसरू नका. जे मोजले जात नाही त्याला आराखड्यात जागा मिळत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. चालत ओलांडणाऱ्यांचा आकडा तक्त्यात असला की बैठकीतली चर्चाच बदलते.

पोलिसांकडून किमान तीन वर्षांच्या अपघातांच्या नोंदी मिळवा आणि त्या आकृतीवर मांडा. उजवीकडे वळणारे वाहन समोरून सरळ येणाऱ्यावर आदळते की रस्ता ओलांडताना माणसांना धडक बसते, यावर उपाय अवलंबून असतो.

पायरी 2 : गोल हवा, सिग्नल हवा, की फक्त कोपरे नीट करायचे?

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी भिडतात. त्यांपैकी 16 ठिकाणी ते एकमेकांना छेदतात, म्हणजे समोरासमोर किंवा बाजूने जोरदार धडक बसू शकते. एका लेनच्या राउंडअबाउटमध्ये, म्हणजे मधल्या बेटाभोवती वाहने एकाच दिशेने फिरतात आणि आत शिरणारा थांबून त्यांना वाट देतो अशा गोल चौकात, हे बिंदू 8 उरतात, 4 ठिकाणी वाहने मिसळतात आणि 4 ठिकाणी वेगळी होतात. छेदणारा बिंदू एकही राहत नाही. चूक झाली तरी धडक तिरकी आणि कमी वेगाची होते. अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने दिलेल्या आकड्यांनुसार, फक्त बाजूच्या रस्त्यावर थांबण्याची पाटी असलेल्या चौकाचे राउंडअबाउट केल्यावर जीवघेणे आणि जखमी करणारे अपघात 82 टक्क्यांनी कमी झाले. सिग्नलच्या चौकांत ही घट 78 टक्के होती.

पण मध्ये बेट असलेला प्रत्येक चौक राउंडअबाउट नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोठमोठी वर्तुळे बांधली गेली. त्यांतल्या अनेक ठिकाणी आत शिरणाऱ्याला प्राधान्य होते. परिणाम असा की गर्दी वाढली की आतली वाहने बाहेर पडू शकत नसत आणि अख्खे वर्तुळ जाम होई. पॅरिसच्या आर्क द ट्रायॉम्फभोवतीच्या चौकात आजही आत शिरणाऱ्याला प्राधान्य आहे. ब्रिटनने 1966 मध्ये नियम फिरवला. आधी आत असलेल्याला जाऊ द्यायचे आणि बाहेरच्याने थांबायचे. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याच्या प्रयोगांचा यात मोठा वाटा होता. आधुनिक राउंडअबाउट उभा आहे तो या एका नियमावर. तो लोकांनी पाळावा अशी रचना जमत नसेल, तर वर्तुळ बांधून उपयोग नाही.

निवड करताना पुढचे प्रश्न विचारा. चारही बाजूंची वाहतूक साधारण तोलाची आहे का? असेल तर गोल छान चालतो. एका मुख्य रस्त्यावर अखंड रांग आणि बाजूच्या रस्त्यावर तुरळक वाहने असतील तर मोकळी फट मिळत नाही आणि बाजूचे ताटकळतात. पुढच्या चौकातल्या सिग्नलची रांग इथपर्यंत येते का? येत असेल तर ती वर्तुळात शिरून सगळ्या दिशा एकदम बंद पाडेल. उजवीकडे वळणारे खूप आहेत का? गोल त्यांना सहज सामावून घेतो, सिग्नलला मात्र त्यांच्यासाठी वेगळा टप्पा लागतो. बससाठी सिग्नलवर अग्रक्रम द्यायचा आहे का? मग सिग्नल सोयीचा.

आणि अनेकदा यांपैकी काहीच लागत नाही. कोपऱ्यांची त्रिज्या कमी करणे, क्रॉसिंगपाशी पदपथ पुढे आणणे आणि मध्ये थांबायला बेट देणे एवढ्यावर भागते. नवख्याने हा पर्याय सर्वांत आधी तपासावा, कारण तो लवकर होतो आणि फसला तर बदलता येतो.

पायरी 3 : क्षमतेचा अंदाज

एका लेनच्या राउंडअबाउटसाठी एक सोपी चाचणी आहे. प्रत्येक प्रवेशावर गर्दीच्या तासात आत येणारी वाहने आणि त्या प्रवेशासमोरून वर्तुळात जाणारी वाहने यांची बेरीज करा. ती तासाला 1000 पर्यंत असेल तर एक लेन बहुधा पुरते. 1000 ते 1300 च्या दरम्यान बारकाईने गणित करावे लागते. त्याच्या वर दोन लेनचा विचार सुरू होतो.

उदाहरण घेऊ. दक्षिणेच्या प्रवेशावरून 380 वाहने येतात. त्यांच्यासमोरून कोण जाते? पूर्वेकडून येऊन सरळ पश्चिमेला जाणारी 300, पूर्वेकडून येऊन उजवीकडे म्हणजे उत्तरेला वळणारी 120 आणि उत्तरेकडून येऊन उजवीकडे म्हणजे पश्चिमेला वळणारी 80. एकूण 500. बेरीज 880, म्हणजे या प्रवेशावर एक लेन चालेल. हेच चारही प्रवेशांसाठी करा. यू-टर्न घेणारी वाहने धरायला विसरू नका. दुचाकी, बस आणि ट्रक यांचे आकडे तिथल्या मानकांतल्या गुणकांनी कार-एककात, म्हणजे एक वाहन किती कारइतके धरायचे त्या हिशेबात, बदलूनच बेरीज करा.

दोन लेनकडे झटकन उडी मारू नका. दोन लेनच्या गोलात वेग वाढतो, वाहने आत लेन बदलतात आणि पादचाऱ्याला एका थांबलेल्या गाडीआडून येणारी दुसरी गाडी दिसत नाही. क्षमता खरोखरच कमी पडत असेल तर नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली टर्बो रचना अभ्यासा. तिच्यात चालक आत शिरण्याआधीच आपली लेन निवडतो आणि उंचवट्याच्या कडांमुळे आत लेन बदलता येत नाही.

पायरी 4 : वेग भूमितीने ठरवा

इथे सर्वाधिक वेळ द्या. वेगमर्यादेची पाटी सल्ला देते, वळण मात्र पर्यायच ठेवत नाही.

आधी आकार. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचा व्यास ही पहिली संख्या. छोट्या, बेटावरून चाके नेता येतील अशा मिनी राउंडअबाउटला 13 ते 27 मीटर लागतात. एका लेनच्या गोलाला 27 ते 55 मीटर आणि दोन लेनच्या गोलाला साधारण 46 मीटरपासून पुढे. शहरातल्या जुन्या, अरुंद चौकांत मिनी गोलाला वाव असतो आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. मोठा व्यास म्हणजे चांगला गोल, हा समज सोडा. गरजेपेक्षा मोठे वर्तुळ वाहनांना आत वेग घ्यायला जागा देते.

मग प्रवेश. चांगला प्रवेश वाहनाला थोडे वळायला लावतो, म्हणजे चालक सरळ रेषेत चौक पार करू शकत नाही. प्रवेशाची दिशा मधल्या बेटाच्या मध्याकडे किंवा किंचित उजवीकडे असावी. एका लेनच्या प्रवेशाची रुंदी साधारण 4.2 ते 5.5 मीटर ठेवतात. ती वाढवायचा मोह होतो. प्रत्येक जादा अर्धा मीटर वाहनाचे वळण सपाट करतो. जिथे दुचाकी जास्त आहेत तिथे रुंद प्रवेशात तीन रांगा शेजारी शेजारी शिरतात आणि एका लेनचा गोल प्रत्यक्षात तीन लेनचा होतो.

आता या रचनेची परीक्षा घ्या. वाटेत एकही दुसरे वाहन नाही आणि पट्ट्यांची पर्वा नाही, असा चालक कोणत्या सर्वांत सरळ वाटेने जाईल ती रेषा नकाशावर काढा. वाहनाचा मध्य कडेच्या दगडापासून 1.5 मीटरवर राहतो असे धरा. या रेषेतली सर्वांत लहान त्रिज्या शोधा. वेगाचा अंदाज असा मिळतो : 127, त्रिज्या मीटरमध्ये आणि घर्षण व रस्त्याचा आडवा उतार यांची बेरीज, यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ती बेरीज 0.25 धरली तर 30 मीटर त्रिज्येला ताशी सुमारे 31 किलोमीटर येतात आणि 60 मीटर त्रिज्येला सुमारे 44. एका लेनच्या शहरी गोलात प्रवेशाचा वेग 30 ते 40 च्या आत हवा, आणि माझ्या मते पादचारी असतील तिथे 30 च्या जवळच.

हा आग्रह कशासाठी? धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 50 किलोमीटरच्या वाहनात 30 च्या तुलनेत जवळजवळ 2.8 पट ऊर्जा असते. एवढ्या फरकात धडक बसलेला माणूस वाचतो की जातो हे ठरते.

रेषा फार सरळ निघाली तर मधले बेट मोठे करा, प्रवेशाचा अक्ष उजवीकडे सरकवा किंवा रस्त्याचे टोक आधीच थोडे वळवा. चार रस्ते काटकोनात नसतील तर काम किचकट होते. अशा वेळी वर्तुळाचा केंद्रबिंदू इकडेतिकडे सरकवून पुन्हा पुन्हा रेषा काढाव्या लागतात. त्यात वेळ जातो, तो जाऊ द्या.

मधल्या बेटावर मध्यभागी उंचवटा आणि झुडपे असलेली बरी. समोरचा रस्ता आरपार दिसला की चालक सरळ निघायचा विचार करतो. पण बेटाच्या कडेची पट्टी मोकळी ठेवा, कारण आत शिरणाऱ्याला उजवीकडून येणारी वाहने दिसली पाहिजेत. लोकांना आकर्षित करणारे बाक किंवा फोटो काढण्यासारखी वस्तू बेटावर ठेवू नका. तिथपर्यंत पोचायला त्यांना वाहतूक ओलांडावी लागते.

पायरी 5 : चालणारे, दिसत नसलेले, सायकलवाले

क्रॉसिंग वर्तुळाच्या कडेला चिकटून नको. ते थांबरेषेच्या मागे साधारण एका कारच्या लांबीएवढे, म्हणजे 6 मीटरवर ठेवा. मग चालक आधी माणसाकडे लक्ष देतो, पुढे सरकतो आणि नंतर वर्तुळातली फट शोधतो. त्याला दोन निर्णय एकदम घ्यावे लागत नाहीत. बाहेर पडणारी गाडीही क्रॉसिंगपाशी थांबली तर तिची शेपटी वर्तुळात राहत नाही.

प्रत्येक रस्त्यावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाहनांच्या मध्ये दुभाजक बेट हवेच. ओलांडणाऱ्याने एका वेळी एकाच दिशेकडे पाहायचे आणि मध्ये थांबायचे. बेटाची रुंदी क्रॉसिंगपाशी किमान 1.8 मीटर असावी. त्याहून अरुंद बेटावर सायकल किंवा बाबागाडी धरून उभ्या असलेल्या माणसाचे एक टोक रस्त्यात राहते. जागा असेल तर 2.4 मीटर द्या. बेटातली वाट रस्त्याच्या पातळीवर किंवा सौम्य उतारांची असावी, पायरी नको.

दृष्टिहीन व्यक्तींसाठी राउंडअबाउट कठीण असतो आणि हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. सिग्नलच्या चौकात वाहने थांबल्याचे आवाजावरून कळते. गोलात आवाज सतत फिरत राहतो आणि गाडी बाहेर पडणार की पुढे जाणार हे ऐकून उमगत नाही. म्हणून क्रॉसिंगकडे नेणारी स्पर्शपट्टी, वाटेच्या दोन्ही बाजूंना हिरवळ किंवा रेलिंग, आणि पदपथाच्या पातळीवर उचललेले क्रॉसिंग या गोष्टी मूळ आराखड्यातच घ्या. दोन लेनच्या गोलात पादचाऱ्यांसाठी ध्वनीसह बटणाचा सिग्नलही द्या. आराखडा पक्का होण्याआधी दृष्टिहीन आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या रहिवाशांसोबत चौकात चाला. ते जे दाखवतात ते नकाशात दिसत नाही.

सायकलसाठी वर्तुळाच्या आत, बाहेरच्या कडेला पट्टा आखू नका. बाहेर पडणारी गाडी नेमकी त्या पट्ट्यातून कापत जाते. वेग आणि वाहने कमी असतील तर सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून वाहनांबरोबर जावे. जास्त असतील तर त्याला बाहेरून स्वतंत्र मार्ग आणि वेगळे क्रॉसिंग द्यावे.

पायरी 6 : लांब वाहने

बस, अग्निशमन गाडी आणि ट्रक यांच्यासाठी सगळा गोल रुंद करू नका. मधल्या बेटाभोवती 1 ते 4 मीटर रुंदीचा, 50 ते 75 मिलिमीटर उंचीचा खडबडीत पट्टा द्या. ट्रकची मागची चाके त्यावरून जातात, कारवाला मात्र तो टाळतो. वाहनाच्या चाकांचा माग संगणकावर काढून तपासता येतो. नंतर खरीच बस मोकळ्या मैदानात शंकू मांडून फिरवून बघा. बस नेहमीच्या फेरीत पट्ट्यावर चढू नये, कारण उभ्या प्रवाशांचा तोल जातो.

पायरी 7 : सिग्नल ठेवायचा असेल तर

मग आधी कोपरे. शहरात कोपऱ्याची त्रिज्या 3 ते 5 मीटर पुरेशी असते. ती 10-12 मीटर ठेवली की डावीकडे वळणारे वाहन वेग न कमी करता वळते आणि क्रॉसिंगही लांबते. न थांबता डावीकडे निघून जाण्याची वेगळी वाट शहरी चौकात शक्यतो काढून टाका. पादचाऱ्याला तिथे कधीच हक्काची वेळ मिळत नाही.

सिग्नलच्या एकूण चक्राचा पहिला अंदाज वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाच्या 1958 च्या सूत्राने काढतात. एका टप्प्याचा भार म्हणजे त्यात येणारी वाहने भागिले दिवा सतत हिरवा ठेवला तर सुटू शकणारी वाहने. चक्रात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट घ्या, त्यात 5 मिळवा आणि 1 मधून टप्प्यांच्या भाराची बेरीज वजा करून आलेल्या संख्येने भागा. वाया जाणारे 12 सेकंद आणि भार 0.7 असेल तर 23 भागिले 0.3, म्हणजे साधारण 77 सेकंद. चक्र दोन-अडीच मिनिटांवर गेले की माणसे लाल दिव्यातच ओलांडू लागतात. त्यांना दोष देण्याआधी टप्पे कमी करता येतात का ते बघा.

पादचाऱ्यांची वेळ अंतरावरून काढा. 14 मीटर ओलांडायला सेकंदाला 1.2 मीटर वेगाने 12 सेकंद लागतात. वृद्ध माणूस 0.9 मीटरने चालला तर जवळपास 16. मी संथ चालणाऱ्याचा हिशेब धरतो. वाहनांना हिरवा मिळण्याआधी पादचाऱ्यांना 3 ते 7 सेकंद आधी सोडले तर वळणाऱ्या चालकाला ते रस्त्यात आधीच दिसतात. सर्व दिशा लाल ठेवण्याची वेळही चौकाच्या रुंदीवरून काढा. 24 मीटरचा चौक ताशी 30 किलोमीटरने पार करायला सुमारे 3 सेकंद लागतात.

पायरी 8 : पाणी, प्रकाश, खुणा

वर्तुळातला रस्ता बाहेरच्या बाजूला सुमारे 2 टक्के उतरता ठेवा, पाणी कडेच्या गटारात जाते. गटाराची जाळी क्रॉसिंगच्या वाटेत येऊ देऊ नका. दिवे क्रॉसिंगच्या अलीकडे, वाहन येते त्या बाजूला लावा, म्हणजे माणूस उजळलेला दिसतो. बेटावरचा एकच उंच दिवा माणसाची फक्त काळी आकृती दाखवतो. पाट्या मोजक्या आणि झाडाआड न जाणाऱ्या जागी लावा.

पायरी 9 : काँक्रीट ओतण्याआधी करून बघा

शंकू, पाण्याने भरलेले अडथळे आणि रंग यांनी पूर्ण रचना तात्पुरती मांडा. पहिल्या काही दिवसांत गोंधळ होतो, त्यावरून निकाल देऊ नका. काही आठवडे चालू द्या. वेग मोजा, वाटेतून सरकलेले शंकू बघा, बसचालकांशी बोला. शंकू रोज एकाच जागी पडत असेल तर तिथली कड चुकली आहे. ती रंग ओला असतानाच बदलणे सोपे.

दुकानदार आणि रहिवासी यांना या टप्प्यावर बोलवा. छापील नकाशापेक्षा मांडलेली रचना सगळ्यांना कळते आणि माल उतरवण्याची जागा, दवाखान्याचे दार, शाळा सुटण्याची वेळ अशा गोष्टी आपोआप पुढे येतात.

पायरी 10 : बांधून झाल्यावर

प्रवेशावरचा वेग, ओलांडणाऱ्यांसाठी थांबणाऱ्या चालकांचे प्रमाण आणि रांगेची लांबी आधी मोजली असेल तशीच पुन्हा मोजा. अपघातांच्या आकड्यांबाबत घाई नको. एखाद्या वाईट वर्षानंतर चौक निवडला असेल तर पुढचे वर्ष काही न करताही बरे जाण्याची शक्यता असते. म्हणून आधीची तीन वर्षे आणि नंतरची तीन वर्षे ताडून बघा, आणि हात न लावलेले दोन-तीन तसेच चौक सोबत ठेवा.

वेग अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर प्रवेश अरुंद करा किंवा क्रॉसिंग उचला. चालक थांबत नसतील तर आधी क्रॉसिंगवरचा प्रकाश आणि कोपऱ्यावरच्या उभ्या गाड्या तपासा. एकाच बाजूला रांग वाढत असेल तर मोजणी पुन्हा करा, वाहतुकीने वाट बदललेली असू शकते. थांबरेषेचा रंग आणि बेटावरची झुडपे यांच्या देखभालीसाठी वेगळी तरतूद सुरुवातीच्याच खर्चपत्रकात लिहा आणि ती कोणत्या विभागाची जबाबदारी आहे हे कामाचा आदेश निघण्याआधी ठरवून घ्या.